फोनच्या तबकडीवरचं कुलूप

मी एक कुलूप बोलतोय. दाराचं नाही, पेटीचं नाही, तिजोरीचंही नाही. माझा आकार करंगळीच्या पेराएवढा. फोनच्या गोल तबकडीला बोटं घालायची दहा भोकं असतात ना, त्यातल्या एक या आकड्याच्या भोकात मला बसवायचं आणि किल्ली फिरवायची. मग तबकडी जागची हलत नाही. बाहेरून आलेला फोन वाजतो, बोलताही येतं. पण घरातून कुणाला फोन लावता येत नाही. एवढंच माझं काम. ते मी तीन वर्षं इमानानं केलं, आणि तरी ते झालं नाही. कसं झालं नाही, तेच सांगायचंय.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या एका गल्लीत माझ्या पोटात स्प्रिंग भरली, दोन किल्ल्या तारेनं गळ्यात बांधल्या आणि खोक्यात घातलं. खोक्यात आम्ही चोवीस जण होतो. परभणीच्या एका दुकानात दीड वर्ष पडून राहिलो. गिऱ्हाईक यायचं, दाराची कुलपं हातात घेऊन वजन बघायचं. माझ्याकडं कोणी बघायचं नाही, कारण फोन होते किती घरांत?

मला विकत घेतलं ते मानवतच्या अप्पारावांनी. कापसाचे मोठे व्यापारी, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये भागीदारी, मोंढ्यात, म्हणजे गावच्या बाजारपेठेत, शब्दाला वजन. १९९० सालचा मार्गशीर्ष होता. त्यांनी मला हातात घेतलं, किल्ली दोनदा फिरवून पाहिली आणि दुकानदाराला विचारलं, "किल्लीबिगर उघडत न्हाई ना?"

"उघडलं तर परत आणा, मालक."

मला फार अभिमान वाटला होता त्या उत्तराचा.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी मला काळ्या फोनवर बसवलं. सगळे म्हणजे दोघीच. पत्नी विमलाबाई आणि धाकटी मुलगी पद्मजा, नववीत शिकणारी. थोरली मनकर्णा पंधरा दिवसांपूर्वी घर सोडून गेली होती. परभणीला कॉलेजात बरोबर शिकलेल्या उद्धवशी तिनं कोर्टात लग्न केलं होतं. उद्धव बौद्ध घरातला, रेल्वेत तिकीटबाबू, नेमणूक मानवत रोड स्टेशनवर. लांब मुंबई-पुण्याला गेली असती तर गोष्ट वेगळी. ही गावापासून दोन कोसांवर संसार मांडून बसली, हे अप्पारावांना जास्त झोंबलं. त्या काळात विद्यापीठाचं नाव बदलायच्या वादावरून आधीच माणसं एकमेकांकडं तिरकं बघत होती. मोंढ्यात लोक त्यांच्या पाठीमागं बोलायचे आणि ते आले की कापसाच्या भावावर यायचे.

"तिचा नंबर ह्या तबकडीवर फिरणार न्हाई," अप्पाराव म्हणाले. "मी जिता हाय तवर तिच्यासाठी हे कुलूप निघणार न्हाई."

किल्ली अप्पारावांनी करदोड्याला बांधली. दुसरी तिजोरीत टाकली.

तुम्ही म्हणाल, त्याआधी काय होतं? त्याआधी या गावात फोन लावायचा म्हणजे रिसीव्हर उचलायचा आणि एक्स्चेंजमध्ये बसलेल्या सूर्यभानला नंबर सांगायचा. सूर्यभानला कुणाचं कुणाशी काय चाललंय ते सगळं ठाऊक असे. बाईमाणसानं फोन उचलला की तो विचारी, "मालक घरी न्हाईत का?" मग नवीन आपोआप चालणारं एक्स्चेंज आलं, तीन आकडी नंबर आले आणि मधला माणूस उठून गेला. अप्पारावांना ते आवडलं नव्हतं. मधे कुणीतरी पाहिजे, म्हणून त्यांनी मला आणलं.

मनकर्णानं एकदा फोन केला होता. मी नवीनच होतो. अप्पारावांनी उचलला. "आबा," एवढंच ऐकू आलं. अप्पाराव म्हणाले, "राँग नंबर," आणि ठेवून दिला. ठेवल्यावर त्यांचा हात बराच वेळ रिसीव्हरवर होता, तो मला दिसला. पण मनकर्णाला तो कुठून दिसणार? तिनं परत कधी फोन केला नाही. तीही त्यांचीच मुलगी.

विमलाबाई रोज दुपारी माझ्याकडं येत. फडक्यानं फोन पुसत. तबकडी जरा ढकलून बघत. मी अडायचो. त्या फडकं खांद्यावर टाकून आत निघून जात. चार महिने हे चाललं. एकदाही मी ढिला पडलो नाही, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला त्यात काही वाईट वाटलं नाही. कुलपाला काय वाटायचं?

मग चैत्रातली एक दुपार आली. विमलाबाईंना बरं नव्हतं म्हणून पुसायचं काम पद्मजाकडं आलं. तिनं रिसीव्हर उचलून कानाला खांद्यानं धरला आणि खालची दोन काळी बोंडं, ज्यांच्यावर रिसीव्हर टेकतो, ती पुसली. पुसताना एक बोंड दाबलं गेलं आणि सुटलं. ती थबकली.

रिसीव्हरमध्ये नेहमी घुंऽऽ असा आवाज येतो. तो बंद झाला होता.

तिनं रिसीव्हर ठेवला, परत उचलला. घुंऽऽ. बोंड हलकेच एकदा दाबून सोडलं. आवाज बंद. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं म्हणजे थेट माझ्या तोंडाकडं. मग स्वतःशीच म्हणाली, "आबा नंबर फिरवतेत तवाबी असाच बंद होतोय की."

ती फरशीवर मांडी घालून बसली. मी तिला पाहत होतो. अशी बसलेली मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. तिला अप्पारावांच्या फोनचा आवाज आठवत होता. तीनचा आकडा फिरवून सोडला की तबकडी परत येताना तीनदा टकटक करते, सातचा सोडला की सातदा. तबकडी नुसतीच फिरते. आकडा पोचतो तो त्या टकटकीनं. तार तुटते, जोडते, तुटते, जोडते. पलीकडचं यंत्र तेवढंच मोजतं. आणि तार तोडायला-जोडायला तर ती दोन बोंडंही पुरेत.

तिनं डोळे उघडले आणि हसली. मला अडवायचंच होतं, पण मी काय अडवणार? माझ्या ताब्यात तबकडी होती. ती तशीच बंद होती. मी पुरता बंद होतो. आणि ती पोरगी माझ्या शेजारून, मला हातही न लावता, निघून चालली होती.

पहिल्यांदा तिनं जो नंबर लावायला घेतला तो भलतीकडंच लागला. "बोला, सरकीची पेंड पायजे का?" असं कोणीतरी ओरडलं आणि तिनं दचकून फोन ठेवला. पण लागला! तबकडीला कुलूप असताना फोन लागला! ती उठून घरभर नाचली. मी माझ्या भोकात गप्प बसून होतो. अलीगढच्या गल्लीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

स्टेशनासमोरच्या औषधाच्या दुकानात मनकर्णा काम करते आणि दुकानामागच्याच खोल्यांत राहते, ही बातमी घरात केव्हाच आली होती. त्या दुकानाची कागदी पिशवी कुणाच्या तरी हातानं आली, तिच्यावर नंबर छापलेला होता. दोनशे सदतीस. पद्मजानं आईला हात धरून फोनपाशी आणलं.

"पदमे, कुलूप मोडलीस का काय?" विमलाबाई घाबरल्या.

"हात बी लावला न्हाई. तू नुसती बघ."

दोन टिचक्या, थांबली. तीन टिचक्या, थांबली. सात... पाचव्या टिचकीला बोट अडखळलं. नंबर चुकला. पुन्हा चुकला. टिचक्या एकसारख्या पडाव्या लागतात. हळू पडली तर यंत्राला वाटतं फोन ठेवला, घाईनं पडली तर ते मोजतच नाही. पद्मजाला गणित समजलं होतं, हात बसत नव्हता. पाचव्यांदा चुकल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

विमलाबाई बघत होत्या. त्या चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, "सरक. किती मारायच्या सांग."

"दोन, मग तीन, मग सात. सारख्या पायजेत."

"भाकरी थापल्यावानी?"

"व्हय. तशाच."

पंचवीस वर्षं रोज दोन वेळा भाकरी थापलेलं ते बोट. टक टक. टक टक टक. टक टक टक टक टक टक टक. एकही टिचकी मागं नाही, पुढं नाही. मी असा ताल त्याआधी ऐकला नव्हता. पलीकडं घंटी वाजायला लागली.

"हॅलो, मेडिकल."

पद्मजानं आईचा हात दाबला.

"मनू," त्या म्हणाल्या, "जेवलीस का?"

चार महिन्यांनी आई लेकीला काय विचारते, तर जेवलीस का. पलीकडून मनकर्णा म्हणाली, "आई, कुलूप काढलं का आबानी?"

"न्हाई गं. कुलूप हाय तसंच हाय."

त्या दिवसापासून दुकानाचे मालक दुपारी जेवायला गेले की, आठवड्यातून दोनदा, माझ्या शेजारी त्या दोन काळ्या बोंडांवर टिचक्या पडू लागल्या. मी सगळं ऐकलं. मनकर्णाच्या सासूनं, दगडाबाईंनी, तिला पहिल्या दिवशी स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं ते ऐकलं. उद्धवला वरणात गूळ चालत नाही, हे ऐकलं. तिला दिवस गेले ते ऐकलं. विमलाबाई फोनवरून सांगायच्या, डिंकाचे लाडू कसे वळायचे, आणि पलीकडं दगडाबाई विचारायच्या, "विहीणबाई, खोबरं किती घालू?" दोघी विहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी, एक कुलूप, त्यांच्या मधे बसून होतो आणि त्या माझ्या अंगावरून लाडवाचं प्रमाण देत-घेत होत्या.

मुलगा झाला तेव्हा त्याचं रडणं या घरात आधी माझ्या शेजारच्या रिसीव्हरमधून आलं. बारीक, चिरका आवाज. विमलाबाईंनी रिसीव्हर छातीशी धरला होता.

आणि त्याच्यानंतर आठवड्याभरानं अप्पाराव भर दुपारी घरी आले.

अंगात कसर होती म्हणून ते जिनिंगमधून लवकर निघाले होते. ओसरीत पाय टाकला तर विमलाबाई फोनवर. "नाळ पडली का? बरं बरं. पोटाला शेक दे." अप्पारावांची नजर पहिल्यांदा बायकोवर गेली आणि मग माझ्यावर. मी होतो त्याच जागी. त्यांचा हात करदोड्याकडं गेला. किल्ली होती त्याच जागी.

विमलाबाईंच्या हातातून रिसीव्हर खाली लोंबला.

"कुनाचा फोन आला?" अप्पारावांनी विचारलं.

खोटं बोलायला ती एक वाट होती. विमलाबाईंनी ती घेतली नाही. "आला न्हाई. आमी लावला," त्या म्हणाल्या. "मनूला."

अप्पाराव पुढं आले. त्यांनी मला धरून ओढलं, पिळलं, तबकडीला जोर लावून पाहिला. मी हललो नाही. किल्ली लावून मला काढलं, डोळ्याजवळ नेलं, परत बसवलं. त्यांच्या बोटांचा घाम मला लागला.

"उघडलं कसं?"

"उघडलं न्हाई, आबा," पद्मजा आतल्या दारातून म्हणाली. "त्याचं काम ते चोख करायलंय. पण आकडा तबकडीत नसतोय. आकडा टकटकीत असतोय." आणि तिनं पुढं येऊन, उभ्या उभ्या, त्यांच्याच जिनिंगचा नंबर बोंडांवर वाजवून दाखवला. पलीकडून त्यांचा मुनीम म्हणाला, "जिनिंग. कोण बोलायलंय?"

अप्पाराव खाली बसले. मी माणसांचे चेहरे पुष्कळ पाहिले नाहीत. खोक्यात आणि फोनवर माझा जन्म गेला. पण तो चेहरा रागाचा नव्हता एवढं मला कळलं. मोंढ्यात गाठोड्यातला कापूस नुसत्या चिमटीनं ओळखणारा माणूस, आणि त्याच्या घरात हे चाललेलं त्याला कळलं नव्हतं.

"किती दिस झाले?"

"सव्वा वरीस."

ते उठले आणि न जेवता बाहेर गेले.

फोन काढून टाकतील, तार तोडतील, पद्मजाचं शिक्षण बंद करतील; दोघींनी काय काय भोगायची तयारी करून ठेवली होती. तसलं काही झालं नाही. मला कोणी काढलं नाही, त्या टिचक्यांबद्दल कोणी शब्द काढला नाही. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली. अप्पाराव कधी दुपारी घरी आले तर फाटकापाशीच थांबून मोठ्यानं खाकरायचे. एकदा, दोनदा. मग चप्पल काढायला उगीच वेळ लावायचे. विमलाबाई तेवढ्यात म्हणायच्या, "बरं ठेवते मनू," आणि फोन जागेवर ठेवायच्या. ते आत आले की पाणी मागायचे. असं दीड वर्ष चाललं.

मग १९९४ ची संक्रांत आली. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. काही घरांत पेढे वाटले, काही घरांत दारं लागली. दुसऱ्या दिवशी एसटी बंद. कुठं काय झालं याच्या दहा बातम्या यायच्या आणि त्यातली खरी कोणती ते कुणाला ठाऊक नसायचं. मोंढा अर्ध्यावरच उठला. अप्पाराव दुपारी घरी आले, पण त्या दिवशी फाटकापाशी खाकरले नाहीत. सरळ आत आले, टोपी काढली आणि फोनसमोर बसले.

विमलाबाई आणि पद्मजा दारात उभ्या राहिल्या.

मला वाटलं, आता किल्ली निघणार. मी तयार होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच मला उघडावंसं वाटलं होतं. पण किल्लीला त्यांनी हात लावला नाही. दिलेला शब्द ते मोंढ्यात कधी फिरवत नसत, आणि घरात तर त्याहून नाही. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि आपलं जाडजूड बोट त्या काळ्या बोंडावर ठेवलं.

"किती, पदमे?"

"दोन, तीन, सात. सारख्या मारा, आबा."

पहिल्यांदा चुकलं. "बोला, पेंड पायजे का?" अप्पारावांनी ठेवलं. दुसऱ्यांदा कुठलाच आवाज आला नाही. तिसऱ्यांदा सातच्या जागी सहाच पडल्या. कपाळावर घाम. विमलाबाई पुढं झाल्या, तर त्यांनी मान हलवली. मग मी पाहिलं, विमलाबाई जवळ बसल्या आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर आपल्या बोटानं ताल धरला. टक टक. त्या तालावर त्यांचं बोट पडत गेलं. दोन. तीन. आणि सात, एकेक करून, शेवटपर्यंत.

घंटी वाजली.

"हॅलो, मेडिकल."

अप्पारावांनी पद्मजाकडं पाहिलं.

"कोण बोलायलंय?"

"मी हाय."

मागं कुठंतरी पोर बडबडत होतं.

"तिकडं सगळं ठीक हाय का?" अप्पारावांनी विचारलं. "गाडी पाठवतो. तू, पोरगं, जावई, त्यांच्या आई. समदेच या."

"आमी ठीक हावोत, आबा," मनकर्णा म्हणाली. "इथं आमची लय माणसं हाईत. समदे मिळून जागतेत. आमी घर सोडून कुठं येणार न्हाई." मग ती म्हणाली, "उद्धवचं घर अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जळालं तवा ते बारा वर्षांचे होते. तवापासून ते असंच म्हणतेत. घर सोडून जायचं न्हाई."

अप्पारावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "त्या वक्ताला मी दार लावून आत बसलो होतो, मनू," ते म्हणाले. "ह्याच घरात. आवाज येत होते, तरी बसलो होतो."

हे विमलाबाईंनाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

पलीकडून मनकर्णा म्हणाली, "मग तुमी या, आबा. सासूबाई भाकरी करायलेत. जेवून जा."

मानवतच्या मोंढ्यात ज्याच्या शब्दाला वजन, त्या माणसानं त्या घरची भाकरी खायची म्हणजे काय, हे मला त्या तीन वर्षांत ऐकून ऐकून कळलं होतं. अप्पाराव माझ्याकडं बघत होते, पण मी त्यांना दिसत नसेन.

"येतो," ते म्हणाले.

फोन ठेवून ते उठले. टोपी घातली, तिळगुळाचा डबा मागून घेतला. दारातून परत फिरले, करदोड्याची गाठ सोडली आणि किल्ली विमलाबाईंच्या हातावर ठेवली. म्हणाले, "तुझ्याकडं राहू दे. मी काही शब्द मोडला न्हाई." आणि जिनिंगची जीप घेऊन, आपणच चालवत, स्टेशनच्या रस्त्याला लागले. अंधार पडायच्या आत परत आले. विमलाबाईंनी ताट वाढायला घेतलं तर म्हणाले, "नको. पोट भरलंय."

मला विमलाबाईंनीच दुसऱ्या दिवशी काढलं. किल्ली सहज फिरली.

पद्मजा आता नांदेडला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. जाताना तिनं मला बरोबर नेलं आणि होस्टेलच्या टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर घालून उघडलं. पोटात काय आहे ते बघायचं होतं तिला. एक स्प्रिंग, चार पितळी पिना आणि थोडी धूळ, एवढंच निघालं. मैत्रिणीला दाखवून ती म्हणाली, "बघ, एवढ्याशा वस्तूला आमी किती भीत होतो!" आणि दोघी खूप हसल्या. मला राग आला नाही. मलाही माझ्या आत काय आहे ते त्या दिवशीच कळलं.

तर मी आता काचेच्या बशीत सुटा सुटा पडून तुमच्याशी बोलतोय. माझी एकच विनवणी आहे. ही पोरगी मला कधी ना कधी जोडेल, तिचा हात तसा गप्प बसणारा नाही. जोडलंच, आणि मी कुणाच्या हाती लागलोच, तर मला डाळीच्या कोठीला लावा, दप्तराला लावा, सायकलला लावा. तिथं मी जीव तोडून काम करीन. दोन माणसांच्या बोलण्यावर मात्र बसवू नका. ते मला जमत नाही.